बटणावर बटण

वेल्गा आली ती शुक्रवारी, मी शटर ओढायच्या बेतात असताना.
टोपीवर बर्फ, हातात मोजपट्टी.
तीस वर्षं मी लिएपायात जुनी वाद्यं विकतोय;
मोजपट्टी घेऊन आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"गाणी रेकॉर्ड करायचीत. घरच्या घरी. कच्ची."
कच्ची हा शब्द तिने काउंटरवर असा ठेवला
जसं कुणी अंडं ठेवावं.

मी यंत्रं काढली. चार ट्रॅकवालं, कॅसेटचं,
ज्याचं झाकण रबरबँडच्या कृपेने बंद राहतं.
आठवालं, राखाडी. एका वेळी दोनच माइक घेतं,
बाकी सगळं नंतर, एकावर एक,
गोधडीला थर लावावेत तसं.
आणि बत्तीसवालं, ज्याचा पडदा बघून माझा भाचा हरखतो
आणि मला चष्मा शोधावा लागतो.

बत्तीसची मी पुष्कळ तारीफ केली. धंदा आहे शेवटी.
ढोल वेगळा, गळा वेगळा,
चुकलं तर चुकलं तेवढंच पुसा,
उद्या चार माणसं वाढली तरी पंगतीत जागा.
ती म्हणाली, "आम्ही दोघीच.
मी आणि माउथऑर्गन."
आणि पट्टी लावून रुंदी मोजली.
बत्तीसवालं डब्याच्या पिशवीत बसेना.

डब्याची पिशवी कशाला, ते मग कळलं.
ती बंदरात क्रेन चालवते.
घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या, पलीकडे इल्गोनिस,
त्याने कूस बदलली तरी हिला ऐकू येतं
आणि ही गुणगुणली की तो हीटरच्या पाइपवर चमचा बडवतो.
म्हणून रात्रपाळीत, एक जहाज गेलं
आणि दुसरं अजून आलं नाही, एवढ्या फटीत,
एकशेचौदा पायऱ्या वर, काचेच्या केबिनमध्ये
तिचं घरच्या घरी.

"शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत.
आणि सेलवर चाललं पाहिजे.
वर प्लग एकच, तो हीटरचा. काढला तर बोटं जातात."

मग तिने हातमोजे चढवले
आणि एकेकाचं लाल बटण दाबून पाहिलं.
बत्तीसवाल्याने मोज्याला ओळखच दिली नाही;
काचेचा पडदा, साहेबी स्वभाव.
कॅसेटवाल्याचं खट्कन बसलं, ते उठेचना.
आठवाल्याचं दाबलं गेलं,
पण सोबत शेजारचं पुसायचंही.

आम्ही दोघं गप्प.
बाहेरून ट्राम गेली, नेहमीसारखी रिकामी.

माझ्या कोटाच्या आत, शिवणीपाशी
एक जादा बटण टाचलेलं असतं.
कोट घेतल्यापासून ते कधी लागलं नव्हतं.
दातांनी दोरा तोडला,
डिंकाचा थेंब टाकून ते लाल बटणावर बसवलं.
उंच झालं. जाड बोटालाही चुकू नये इतकं.
आठवाल्याची किंमत मी कमी केली नाही.
बटणाचे पैसे तेवढे लावले नाहीत.

मार्चमध्ये ती परत आली, मेमरी कार्ड मुठीत धरून.
"तिसऱ्या ट्रॅकवर काहीतरी घूं घूं करतंय.
ते काढता येईल?"

मी हेडफोन लावला.
क्रेनच्या तारेत वारा भरला होता,
एकच सूर, न थकता.
पहिल्या कडव्यात ती त्याच्यापासून जरा दूर होती.
दुसऱ्यात जवळ सरकली.
तिसऱ्यात, तिच्याही नकळत, त्याचाच सा धरून गात होती,
तिच्या माउथऑर्गनपेक्षा केसभर खाली.

"काढता येईल," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम.
पण वारा गेला की तुम्ही बेसूर ठराल."

तिने हेडफोन माझ्या कानावरून उतरवून
स्वतःच्या कानांना लावला.
गाणं पूर्ण ऐकलं. मग पुन्हा शेवटचं कडवं.
कार्ड खिशात टाकलं
आणि पेन्सिल सेलची सहाची दोन पाकिटं घेतली.